पिवळ्या टॉवेलसाठी अर्ज

टॉवेल अंग पुसायला असतो, असं मी बासष्ट वर्षं समजून चालले होते. पुसायचं, पिळायचा, वाळत टाकायचा. त्यात आणखी समजण्यासारखं काय आहे? पण आमच्या इमारतीत एका टॉवेलापायी नोटीस लागली, मीटिंग झाली, उपसमिती नेमली, आणि माझी इतक्या वर्षांची अब्रू भर दुपारी कठड्यावर टांगली गेली. टांगली म्हणजे खरोखरची टांगली, चिमटे लावून. ते सांगतेच.

सुरुवात माझ्या तोंडापासून झाली. आमच्याकडच्या बहुतेक गोष्टींची तिथूनच होते, असं आमचे हे म्हणतात. रिटायर झाल्यापासून हे तेवढं एकच काम नेमाने करतात, म्हणण्याचं.

सून इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. बाळंतपणाची रजा संपली, मग बिनपगारी संपली, मग वरून पत्र आलं: सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. मुलगा माझा फिरतीवर, पंधरा दिवसांनी एकदा पाहुण्यासारखा येतो आणि घरात चमचे कुठे असतात ते विचारतो. नात दीड वर्षाची. तिला आम्ही फौजदार म्हणतो, कारण ती नुसत्या बोटाने हुकूम सोडते आणि समोरचा हलला नाही तर जमिनीवर आडवी होऊन चौकशी सुरू करते. सून ते पत्र मांडीवर घेऊन दोन दिवस बसून होती. या नोकरीचा निकाल लागला त्या दिवशीचा तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. तसा चेहरा आमच्या मुलाकडे बघताना तिचा कधी झाला नव्हता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बसलीस काय? जा कामावर. मी आहे ना! चार पोरं वाढवली मी. एका हाताने."

हे वाक्य मी पस्तीस वर्षं बोलत आले आहे. जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर, दुसऱ्याच्या बारशात सुद्धा. बोलून बोलून ते इतकं गुळगुळीत झालंय की कधी तोंडातून निसटतं ते कळत नाही.

"महिनाभर बघू, आई," सून म्हणाली. "नाही झेपलं तर सांगा. मी राजीनामा देईन. तुमच्या जिवावर मला नोकरी नको."

"न झेपणं आमच्या घराण्यात नाही," मी म्हटलं.

सोमवारी निघताना ती दारात घुटमळली. "आई, अगदीच फार झालं ना, तर तो पिवळा टॉवेल पुढच्या कठड्यावर..."

"टॉवेल कुठे वाळवायचा हे आता तू शिकव मला!"

ती तशीच गेली. दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडायची मला खोड आहे. ते एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या दोन तासांत फौजदारांनी माझा फोन पिठाच्या डब्यात पुरला, यांच्या चष्म्याची एक काडी तपासासाठी ताब्यात घेतली आणि दुधाची वाटी गादीवर पालथी घातली. हे म्हणाले, "मी जरा वाचनालयात जाऊन येतो." गेले ते जेवायलाच आले. दूध मी हाताला लागला त्या टॉवेलाने पुसलं. तो पिवळा होता. धुतला, आणि पुढे ऊन चांगलं म्हणून पुढच्या कठड्यावर टाकला.

आमची इमारत घोड्याच्या नालेसारखी आहे. तिन्ही बाजूंचे कठडे एकाच अंगणाकडे बघतात, त्यामुळे कुणाकडे काय धुतलं हे सगळ्यांना कळतं. टॉवेल टाकून पाच मिनिटं झाली नसतील, दार वाजलं. समोरच्या बाजूची शिंपीण. गळ्यात टेप, ओठात टाचणी. जुळ्यांची आई आहे ती. एरवी माझ्याकडे बघून नुसती मान हलवते. आत आली, टाचणी ओठातून काढून ओढणीला टोचली आणि म्हणाली, "द्या इकडे, आजी. तुम्ही बसा." आणि फौजदारांना काखेत मारून चालती झाली.

मी बसले नाही. मी उभीच राहिले, तोंड उघडं ठेवून. अर्ध्या तासाने पोरगी परत आणून दिली. खाल्लेली, तोंड पुसलेली. "कशाला नेलं होतंस?" विचारलं तर म्हणाली, "असंच."

मंगळवारी तोच टॉवेल पुन्हा भिजला, पुन्हा धुतला, पुन्हा पुढे टाकला. या वेळी खालच्या मजल्यावरची नर्स आली. रात्रपाळीहून नुकतीच परतलेली, डोळे लाल, कडेवर स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा. "आजी, पाय वर करून पडा जरा," म्हणाली, आणि दुसऱ्या कडेवर आमचीला घेऊन गेली. मी काय इस्पितळात भरती झाले होते? पाय वर करून पडा म्हणे!

संध्याकाळी सून चपला काढते न काढते तोच मी तिला गाठलं. "माझ्यावर पहारा बसवलास होय? सांगून ठेवलंस शेजारणींना, म्हातारीकडे लक्ष ठेवा म्हणून?"

मग तिने टॉवेलाचं सांगितलं. त्या तिघी, म्हणजे शिंपीण, नर्स आणि आमची, यांचं दीड वर्षापासून ठरलेलं होतं. ज्या दिवशी पोर अगदी असह्य होईल त्या दिवशी पुढच्या कठड्यावर पिवळा टॉवेल टाकायचा. जिला आधी दिसेल तिने जायचं आणि पोर अर्धा तास उचलून न्यायचं. तीन नियम. काय झालं ते विचारायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. नंतर कुणाला सांगायचं नाही.

"आणि फोन काय मेलेत?"

"फोन केला की तोंडाने बोलावं लागतं, आई. मला जमत नाहीये, असं. ते तोंडातून येत नाही."

मी जरा वेळ हिशेब केला. दीड वर्ष. "म्हणजे मी आत स्वयंपाकघरात असताना तू कठड्यावर टॉवेल टाकून बाहेरच्यांना बोलवत होतीस?"

सून खाली बघत म्हणाली, "तुम्ही आला असता, आई. पण बोलत आला असता."

असं कुणी आपल्याला म्हणावं आणि ते खोटं नसावं, याच्याइतका अपमान दुसरा नाही. मी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण मागून वाढून घेतलं नाही.

बुधवारी सकाळी जिन्यात सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ पूर्वी जमीन मोजणीच्या खात्यात होते. आता मोजायला जमीन उरली नाही म्हणून आमचे कठडे मोजतात. मी रागातच होते. म्हटलं, "भाऊजी, त्या पुढच्या कठड्यांवर पिवळे टॉवेल लोंबतात, ते तुम्हाला दिसत नाहीत का? इमारत आहे की धोबीघाट?"

माणूस तहानलेलाच होता, मी त्याला विहीर दाखवली. दुपारी घरोघर नोटीस आली. दर्शनी कठड्यावर कोणत्याही प्रकारचा कपडा टाकण्यास सक्त मनाई, नियम चौदा. मी ती वाचून घडी करून गादीखाली ठेवली आणि मला फार बरं वाटलं. गुरुवारी सकाळपर्यंत बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी जिन्यात आरडाओरडा झाला. नर्सचा मुलगा एकटाच जिना उतरून, अंगण ओलांडून फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता. पाववाल्याने सायकलवरून उतरून त्याला उचललं आणि दारोदार "हा कुणाचा?" विचारत वर आणलं. ती बाई ओळीने दुसरी रात्रपाळी करून आली होती. पोराला भरवता भरवता भिंतीला टेकली, आणि तिथेच झोपली. दार नुसतं लोटलेलं. मी खाली गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती, पोराला इतकं घट्ट धरून की ते ओरडत होतं. रडत नव्हती. मला म्हणाली, "टॉवेल काढला होता हो मी, आजी. कठड्यापर्यंत गेले. मग नोटीस आठवली. घडी करून परत ठेवला."

मी काही बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावं.

मग मी ठरवलं की आपण केलेलं आपणच निस्तरायचं. सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, लेखी अर्ज द्या. मी चौथी पास, ती पण मास्तरांच्या दयेने. गेल्या तीस वर्षांत सहीखेरीज काही लिहिलं असेल तर डब्यांवरच्या चिठ्ठ्या. तरी बसले. एका बाजूला अर्ज, दुसऱ्या बाजूला फौजदार पेन हिसकावतायत. 'मा. सेक्रेटरी यांस. टॉवेल टाकू द्यावा ही विनंती. कारण पोरं लहान आहेत.' एवढ्याला एक सकाळ गेली आणि तीन कागद. चौथ्यावर फौजदारांची पण सही होती.

सेक्रेटरींनी अर्ज हातभर लांब धरून वाचला. "कारण अपुरं आहे, वहिनी. पोरं लहान असणं हे टॉवेलाचं कारण होऊ शकत नाही. शिवाय टॉवेल ओला असेल की कोरडा, ते लिहिलेलं नाही."

"त्याने काय होतं?"

"ओला असेल तर तो कपडे वाळवण्यात येतो. नियम चौदा. मनाई. कोरडा असेल तर तो फलकात येतो. नियम एकोणीस. त्याला समितीची मंजुरी."

"आणि दमट असला तर?"

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, खरंच उघडलं, आणि बराच वेळ चाळलं. "दमटची तरतूद नाही," ते म्हणाले. "रविवारी मीटिंगला या."

तोवर बातमी फुटली होती आणि सल्ले सुरू झाले होते. तळमजल्यावरचे ओव्हरसियर म्हणाले, रंगीत बल्ब लावा, वायरिंग मी सांगतो. हे म्हणाले, घंटा बांधू. कुणीतरी शहाण्याने मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्यात सगळ्या इमारतीला घेतलं. शुक्रवारी शिंपिणीने त्यावर लिहिलं, 'कुणी येईल का?' त्याच्यावर बेचाळीस जणांनी सुप्रभातची फुलं पाठवली. कुणी आलं नाही. नंतर तिने स्वतःच एक फूल टाकलं.

रविवारची मीटिंग गच्चीखालच्या खोलीत झाली. सात पुरुष आणि मी. पोरांच्या आया पोरांमुळे येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या वतीने नर्सचा नवरा आला होता, तोही मागच्या खुर्चीत पेंगत. सेक्रेटरींनी आधी मागचा पत्रव्यवहार वाचून दाखवला. "सदर मनाई दुसऱ्या मजल्यावरील वहिनींच्या तोंडी तक्रारीवरून करण्यात आली." मग घसा खाकरून पुढे, "सदर मनाई उठवण्याचा अर्जही दुसऱ्या मजल्यावरील त्याच वहिनींचा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नर्सचा नवरा जागा झाला.

"वहिनी," ओव्हरसियर म्हणाले, "तुम्ही तर चार पोरं एका हाताने वाढवली. तुम्हाला कशाला हवा टॉवेल?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मी म्हटलं, "मला नकोय. मी आपली दुसऱ्यांसाठी म्हणतेय." झालं. ज्याला नकोय त्याचा अर्ज कोण मंजूर करतं? टॉवेलाचा आकार, रंग आणि ओलसरपणा यांचा अभ्यास करायला तिघांची उपसमिती नेमली. अहवाल वार्षिक सभेला. वार्षिक सभा सात महिन्यांनी. तोपर्यंत पोरं मोठी होतील, असं एकजण म्हणाला, आणि सगळ्यांना तो तोडगा वाटला.

मी घरी आले आणि टॉवेल न्हाणीघरात दाराआड टांगला. तक्रार माझी होती हे नर्सच्या नवऱ्याकडून आता दोघींना कळलं असणार. टाकला तरी कोण येणार होतं?

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी अकराला मी दूध मंद गॅसवर ठेवलं. फौजदार पुढच्या कठड्याच्या दारात बसून चमचे बाहेर फेकत होत्या. सहा चमचे झाले. मी ते गोळा करायला बाहेर गेले, वाकले, गुडघा धरला, आणि मागे दार लागलं. खट्ट.

या दाराची वरची कडी गंजली होती. ती बदलायची तर सुताराला बोलवावं लागतं, म्हणून यांनी स्वतःच्या हाताने खाली एक कडी बसवली होती. फौजदारांच्या बरोबर नाकासमोर.

"उघड गं बाई. उघड माझ्या राणी."

काचेतून फौजदारांनी मला बोट दाखवलं. हुकूम होता: तिथेच थांब. आणि वळून स्वयंपाकघराकडे निघाल्या. दुधाकडे.

मी ओरडले. माझा आवाज सगळ्या इमारतीला माहीत आहे. पण खाली कुणाकडे तरी फरशी बसवत होते, कापायचं यंत्र करवादत होतं. मलाच माझा आवाज ऐकू येईना. फोन आत. हे वाचनालयात. काच जाड, आणि माझ्या हातात सहा चमचे. चमच्यांनी काच फुटत नाही. मी ठोकून पाहिलं.

अंगणाच्या पलीकडे शिंपिणीचं मशीन दिसत होतं, ती खाली मान घालून बसलेली. खाली नर्सच्या कठड्यात तिचा मुलगा. मी कठड्यावर टाकायला काहीतरी शोधलं. माझ्याच नोटिशीमुळे सबंध कठडा लख्ख रिकामा होता. दोरी होती, चिमटे होते, कपडा एक नव्हता. आठ दिवसांपूर्वी तिथे माझे चार टॉवेल असते.

मग मी काय केलं ते सांगायची पण लाज वाटते. मी आडोशाला वळले, गाऊनच्या आतला परकर सोडला आणि बाहेर काढला. जांभळा. मागे ठिगळ, ते पण दुसऱ्या रंगाचं. तो मी पुढच्या कठड्यावर मधोमध पसरला, दोन्ही टोकांना चिमटे लावले, आणि त्याच्यामागे गाऊन आवळून उभी राहिले. दीड हात उंच मान ठेवून वागलेली बाई मी. लोकांच्या सुनांच्या ओढण्या सरळ केल्यात मी.

पहिल्यांदा बघितलं ते सेक्रेटरींनी. अंगणातून हात वर करून काहीतरी ओरडत होते. ओठांवरून 'चौदा' एवढं कळलं.

मग शिंपिणीने मान वर केली. तिने परकर पाहिला. मी म्हटलं, आता हसेल, शेजारणीला बोलवून दाखवेल, मला तेच शोभेल. तिने मशीनवरचा पाय काढला आणि दिसेनाशी झाली. त्याच वेळी खाली नर्सने वर पाहिलं, आणि तिचाही कठडा रिकामा झाला.

माझ्या घराचं दार बाहेरून उघडल्याचं मला काचेतून दिसलं. किल्लीने. आमच्या घराची किल्ली नर्सकडे होती. दीड वर्ष! मला सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला राग पण आला नाही. ती धावत स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, वास सुटला होता. फौजदार ओट्याखाली बसून बटाटे एकावर एक रचत होत्या. नर्सने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पोरीला काखेत घेतलं आणि मग येऊन माझी कडी काढली. शिंपीण धापा टाकत मागून आली.

मी परकर पाठीमागे लपवला. "तो पिवळा नव्हता," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"रंग कोण बघतं, आजी?" शिंपीण म्हणाली.

बस. ना काय झालं विचारलं, ना कडी खाली कशाला बसवली म्हणाल्या, ना नोटिशीचा शब्द काढला. अर्धा तास पोरीला नेलं. मी पाय वर करून पडले.

संध्याकाळी सून आली. "कसा गेला दिवस?" तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नियम पाळला होता दोघींनी. मलाही सहज दडपता आलं असतं, ठिगळासकट. पण गॅसचा वास अजून माझ्या नाकात होता. मी सगळं सांगितलं. कडी, दूध, परकर, आणि नोटीस कुणाच्या तोंडामुळे आली ते पण. ती पांढरीफटक पडली. पिशवीतून कागद काढायला लागली.

"राजीनाम्याला हात लावलास तर बघ," मी म्हटलं. "मला झेपत नाही. एवढंच म्हणतेय. एकटीला झेपत नाही. कुणालाच झेपत नव्हतं."

"पण तुम्ही चार..."

"एका हाताने. हो. दुसरा हात भिंतीपलीकडच्या बाईचा होता. मी भिंतीवर वाटी आपटली की ती यायची. सात वर्षं आली. मग तिची बदली झाली, ती गेली, आणि मी तिला गोष्टीतून पण काढून टाकलं."

सुनेने कागद परत पिशवीत ठेवला. सुताराला बोलवून कडी वर घेतली. यांचं मत विचारलं नाही.

आता रोज सव्वानऊला मी टॉवेल पुढे टाकते. दिवसाआड नोटीस येते. ती मी फौजदारांना फाडायला देते, त्यात त्यांची दहा मिनिटं शांत जातात. गुडघे होते तसेच आहेत, पोरगी होती त्याहून वाईट आहे, आणि महिना संपायला अजून बारा दिवस आहेत. संपला की दुसरा सुरू होईल.

काल दुपारी शिंपिणीच्या कठड्यावर पिवळं दिसलं. नर्स दिवसपाळीवर, सून कामावर. म्हणजे मीच. फौजदारांना कडेवर घेऊन मी जिना उतरले, अंगण ओलांडलं, पुन्हा जिना चढले. दार उघडंच होतं. शिंपीण कापडाच्या ढिगात बसून रडत होती. जुळ्यांपैकी एकाच्या पायात बूट उलटे, दुसऱ्याला भर उन्हाळ्यात स्वेटर, भाताचं ताट जमिनीवर, कात्री पोरांच्या हाताला लागेल अशी, आणि भरवायची वेळ उलटून तास झालेला. मी कात्री उचलून कपाटावर ठेवली. दोन्ही पोरांची बोटं मोकळ्या हातात धरली आणि निघाले.

जिन्यात सेक्रेटरी आडवे आले. "वहिनी, तुमचा अर्ज अजून विचाराधीन आहे."

मी नुसती मान हलवली. तोंडात सतरा सल्ले होते, ते गिळेपर्यंत बोलता येत नव्हतं.